साडूभाऊची मसलत

माझा साडू पाण्यात बुडाया लागला तर 'वाचवा' म्हणून वरडणार न्हाई. काठावरच्या माणसांला इचारील, "काय वाटतं तुमाला, डाव्या अंगाला पोहू का उजव्या?" आन सगळ्यांचं मत आल्याबिगर हात हलवणार न्हाई. ही मस्करी न्हाई. मागच्या दसऱ्यानंतर मी त्येला पाण्यात हुबा बघितलाय. गुडघ्याच्या वर पाणी, आन गडी इचारत व्हता.

मसलत ही त्येची बिमारीच हाय. घरी चहा झाला की कप घिऊन वट्यावर येतो आन जाणाऱ्या-येणाऱ्याला इचारतो, "आज साखर घालू का?" एक हो म्हणतो, दुसरा न्हाई म्हणतो, तवर चहा गार. पोरगी बघाया गेलता तवा आधी पोरीला इचारलं, मग तिच्या बापाला, मग दारातल्या म्हशीपशी जाऊन थांबला. म्हशीनं मान हलवली तवा कुठं सुपारी फुटली, आसं त्येची बायको आजबी सांगती. ती माझ्या बायकूची थोरली बहीण, आमी तिला अक्का म्हणतो. सगळ्या गावाला इचारणारा हा माणूस मला मातर कधीच काय इचारायचा न्हाई. कावून, ते सांगतोच.

दोघं नवरा-बायको, जोडीचा एक कोयता म्हणून, लग्नापासनं ऊसतोडीला जायची. दसरा झाला की मुकादमाच्या ट्रॅक्टरात बसायचं, कारखान्याच्या मुलखात पाचटाच्या झोपड्या, आमी कोप्या म्हणतो त्येंला, बांधून ऱ्हायचं, उन्हाळ्यात परत यायचं. एका सालाला अक्काची कंबर गेली. डॉक्टर म्हणला, मोळी उचलाल तर खाटंवर पडाल. त्या सालीच घरी येताना मुकादमानं टोळीला कोकणात दर्या दाखवाया नेलतं. तिथं साडूनं बघितलं, माणसं पैसे दिऊन वाळूत बसत्यात. गडी गुमान झाला. गावाकडं येस्तवर एक शबूद बोलला न्हाई, आन त्येच्या बाबतीत ही लई गंभीर गोष्ट.

आमच्या बीड जिल्ह्यात कसला आलाय दर्या? पण धरणाचं मागचं पाणी त्येच्या रानाला लागतं. त्यानं काळ्या मातीवर वाळू पसरली, दिंद्रुडच्या बाजारातनं भाजीवाल्यांच्या जुन्या छत्र्या आणून रवल्या आन पाटी लावली, 'दर्याकिनारा रिसॉर्ट'. अक्का चुलीवर भाकऱ्या थापायची, मासं तळायची. केजची, बीडची माणसं रईवारी याया लागली. ऱ्हायला खोल्या पायजेत, आसं ठरलं. मसलत बसली. गावातली माणसं म्हणली, हे धरणाचं पाणी हाय, एका जाग्यावर बसत न्हाई. मी हुबा ऱ्हायलो आन छातीवर हात मारून म्हणलं, "साडूभाऊ, सिमेंटात बांधा. पाणी हितवर येत न्हाई. माझी जिम्मेदारी." मी आसं ठासून बोललो की त्येला खरं वाटलं.

पयल्या सालाला पाऊसच रुसला. पाणी इतकं लांब गेलं की गिऱ्हाइकांला बैलगाडीत घालून दर्या दाखवाया न्यावं लागायचं. गाळात गाडी रुतली की तीबी उतरून ढकलायची. दुसऱ्या सालाला वर कुठंतरी फुटल्यावानी पाऊस झाला आन खोल्या छपरासकट पाण्यात. आता उन्हाळ्यात त्येंची छपरं वर येत्यात. पाव्हण्यांनी इचारलं तर साडू सांगतो, "ते व्हय? ते आमच्या साडूचं डोकं हाय." बगळे बसत्यात माझ्या डोक्यावर.

मग एका संस्थेची मॅडम आली. चांगली बाई. म्हणली, पाऊस-पाण्याचं गणित बदललंय, आता आपण त्येच्या बरुबर बदलायला पायजे, आन गावातल्या लोकांला संगं घेतल्याबिगर ते जमणार न्हाई. साडूच्या डोळ्यांत पाणी. "बाई," त्यो म्हणला, "जल्मात पयल्यांदा माझ्या बिमारीला कुणी औषध म्हणलं बघा." त्या रोजपासनं रिसॉर्टात खुर्ची कुठं ठिवायची हेबी मसलतीत. मेंढरंवाले, मासं धरणारे, धुणं धुवाया येणाऱ्या बायका, सगळ्यांनी बोलायचं. अशाच बैठकीत गयाबाई बोलली. ही ऊसतोडीच्या टोळीतली थोरली बाई, तोंडानं फटकळ. "आमी सा म्हयनं कोप्यात ऱ्हातो. ऊस सरला की कोपी उचलतो, फुडं जातो. तुजं पाणी हलतंय तर तुजं घर कावून खुट्ट्यासारखं हुबं बे?"

झालं. बांबू, कामट्या, वर उसाचं वाळकं पाचट, सगळं दोरीनं बांधल्यालं, खिळा एक न्हाई. टोळीतल्या बायका-बाप्यांनी कोप्या हुब्या केल्या. पाणी मागं सरलं की कोप्या खाली, पाणी चढलं की वर. शहरातली माणसं पाचटाखाली झोपाया लागली. गयाबाई म्हणायची, "आमी ज्येला रडतो, त्येचं ही फोटू काढत्यात." पण हासायची.

आन मग त्यो दीस आला. सकाळपासनं आमच्याकडं कडक ऊन, आभाळात ढगाचा ठिपका न्हाई, आन पाणी चढतंय. वर कुठंतरी पाऊस झालाय, आसं माणसं म्हणत व्हती. काठावर एक बाभळ व्हती, तिच्याम्होरं पाणी आलं तर कोप्या हलवायच्या, आसं मसलतीत ठरल्यालं. केजचे पाव्हणे व्हते, त्येंला अक्कानं न्याहारी घालून जीपमधी बशिवलं. पाणी बाभळीच्या बुडाला लागलं. साडू मासं धरणाऱ्यांला इचाराया गेला. त्येंची तर जाळी नि होड्या वढायची घाई. माघारी आला तवर बाभळीचं खोड बुडालं व्हतं. आमी तिघं. एका कोपीला तगडी धा माणसं लागत्यात, आन आमी तिघं, तेबी मला माणसात धरलं तर.

"साडूभाऊ, घाबरू नगा," मी म्हणलं, "पाणी हितवर..."

"गप बस," अक्का म्हणली. जल्मात कधी मला आरं-तुरं न करणारी बाई.

गावातली समदी माणसं पारापशी व्हती. टोळी निघायची त्योच दीस. ट्रॅक्टरात भांडी, सरपण, कोंबड्या, शेरडं, वर माणसं चढून बसल्याली. साडू पळत जाऊन ट्रॅक्टरच्या म्होरं हुबा ऱ्हायला, मागनं अक्का आन मी. पँट भिजल्याली, धापा टाकतोय, आन काय बोलावं त्यानं? "पाणी बाभळीच्या वर आलंय. काय वाटतं तुमाला? काय करावं?"

मुकादमानं हारन वाजवला. "बाजूला हो बे. कारखान्यावर येळंत पोचायचंय." मग जरा खाली वाकून, हळूच म्हणला, "न्हाईतर तुमी दोघं बसा की. एक कोयता कमीच हाय मला."

साडूनं अक्काकडं बघितलं. अक्कानं कंबरंवर हात ठिवल्याला. तिची नजर ट्रॅक्टरातल्या रिकाम्या जाग्यावर गेली. कोप्या गेल्या तर ही बाई आजच त्यात बसणार, हे सगळ्यांला कळलं.

साडू फिरून इचाराया लागला, "मी काय म्हणतो, तुमाला काय..."

"आरं, पुरं कर तुजं इचारणं!" गयाबाई वरनं वरडली. पदर खोचला आन चाकावर पाय ठिवून खाली उतरली. "इतकी वर्सं आमाला इचारतूस. तुज्या खुर्च्याबी आमाला इचारून ठिवल्यास. मंग त्या कोप्या कुणाच्या? चला गं!"

मुकादम हारन वाजवत बसला आन ट्रॅक्टर रिकामा झाला. वर नुसत्या कोंबड्या.

पाण्यात उतरून दोऱ्या सोडल्या, खुट्ट्या उपसल्या, आन कोप्या खांद्यावर घिऊन माणसं चढाला लागली. पाय सटकत व्हते, पाचट भिजून जड झाल्यालं. साडू पाण्यात हुबा राहून इचारतच व्हता, "ही आधी का ती?" कुणी ऐकत न्हवतं. मीबी एका कोपीच्या आत शिरलो आन बांबू धरला. वजन काय लागंना. म्हणलं, आपल्या अंगात लई ताकद हाय की. तवर गयाबाईनं खाली वाकून बघितलं. "आरं ह्यो उचलत न्हाई, लोंबकळतोय!" त्या गडबडीतबी माणसं हासली, आन मला भाईर काढल्यावर कोपी झपझप वर गेली. शेवटची कोपी निघाली तवा तिच्या जाग्यावर पाणी आलंच व्हतं. वाळू गेली, छत्र्या गेल्या. कोप्या वर टेकडाला रांगंनं हुब्या.

टोळीनं चहासुदिक घेतला न्हाई. वल्ल्या कापडानं ट्रॅक्टरात बसली. अक्का ट्रॅक्टरच्या कडंनं लांबवर चालत गेली, आन माघारी आली.

गाव रिकामं झालं. घरोघरी कुलपं, पारावर कुत्री. म्हयन्याभरानं मी गेलो तर पाणी मागं सरलं व्हतं, बाभळ पुन्ना दिसत व्हती, पण कोप्या टेकडावरच. साडू वट्यावर कप घिऊन बसल्याला. रस्त्यावर कुणी न्हाई. लई येळ त्यो रस्त्याकडंच बघत बसला. मग माझ्याकडं वळला.

"पाव्हणं," त्यो म्हणला, "कोप्या खाली आणाव्या का? काय वाटतं?"

मला पयल्यांदाच इचारलं व्हतं. छातीवर हात गेला व्हता माझा. पण मी त्यो खाली घेतला. म्हणलं, "टोळीला येऊ द्या. मग इचारू."

साडू आत गेला, माझ्यासाठी चहा घिऊन आला. कुणाला न इचारता त्यानं त्यात चमचाभर साखर घातली, ढवळली आन कप माझ्या हातात दिला. मला शुगर हाय, हे अख्ख्या गावाला ठाव हाय. पण सांगाया गावात हाय कोण? मी गुमान पेलो.