कोरी पट्टी

नवापूरच्या दानियल गावितने बांधलेलं पुस्तक पुन्हा सुटत नाही, असं लोक म्हणतात. चर्चची भजनाची पुस्तकं, शाळांची हजेरीबुकं, तलाठ्याची दप्तरं, तीस वर्षं हेच काम. माणूस अबोल. कुणी फार घाई केली तर "मग जुनंच घेऊन जा" एवढं म्हणतो आणि सुईत दोरा ओवायला लागतो.

मार्चमध्ये नंदुरबारच्या रोहिणीताई त्याच्याकडे एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. त्या कॉलेजात शिकवतात. त्यांचे वडील रतिलाल बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर मस्टर कारकून होते. तिथे एक जपानी फोटोवाला आला होता. त्याने पुढे भारतावर हे फोटोंचं पुस्तक काढलं आणि एक प्रत रतिलालना टपालाने पाठवली. दुष्काळात फोटोवाला आधी पोचतो, धान्य मागाहून; ते असो. पन्नास वर्षं पुस्तक कपाटात बसून होतं. वडील गेले, कपाट आवरलं, तेव्हा पुठ्ठा निघालेला दिसला.

"पुठ्ठा तेवढा चिकटाडी द्या, भाऊ," ताई म्हणाल्या. "मजारला पानेसले हात लावू नका. आते असं पुस्तक भेटत नही."

आतल्या पानांना हात लावायचा नाही असं बजावून त्या गेल्यावर दानियल पानं चाळत होता, तो मध्यावर थांबला. दोन पानांवर पसरलेला एकच फोटो. खडीचा ढीग, दहा-बारा माणसं. डाव्या पानावर घण घेऊन उभा त्याचा बाप, सुकराम. तरणा, पण नाक तेच आणि उभं राहायची तऱ्हाही तीच. त्याला खेटून एक बाई. तिचा एक खांदा डाव्या पानावर, दुसरा खांदा आणि कडेवरचं पोर उजव्या पानावर. तिचं तोंड नेमकं पुस्तकाच्या पाठीच्या घडीत गेलेलं. ते पोर म्हणजे तो स्वतः, आणि बाई म्हणजे त्याची आई.

आई त्याला आठवत नव्हती. दुष्काळ संपला त्याच पावसाळ्यात ती हगवणीने गेली. तिचा एकही फोटो नाही. कशी होती विचारलं की बाप म्हणायचा, "कामाची होती." एका जपान्याने आपला फोटो काढला होता, हे मात्र मरेपर्यंत दर नाताळला सांगायचा.

दानियलने अंगठ्यांनी दाबून बघितलं. घडी उघडेना. गिऱ्हाइकाने नको म्हटलेल्या पुस्तकाची पाठ त्याने जन्मात उघडली नव्हती. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. बायको हिराबाई हाका मारून थकली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पातळ पातं घेतलं, पाठीला चिकटवलेला सरस खरवडला आणि ती दोन पानं मोकळी करून शेजारी शेजारी ठेवली.

डावीकडे कान, कानात बाळी. उजवीकडे पदराची कड. मध्ये काहीच नव्हतं.

मग त्याच्या ध्यानात आलं, आणि इतका वेळ लागला याची त्याला लाज वाटली. सरसाने चिकटवायच्या पुस्तकाची पाठ आधी कापून सपाट करतात. तोही करतो. तिकडे जपानात कुण्या बांधणाऱ्याने पाठ कापली, कातरण केरात गेली आणि तिच्याबरोबर हरभऱ्याएवढं ते तोंडही गेलं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. आपण तीस वर्षांत कुणाकुणाचं काय कापलं असेल, देव जाणे. दुकानाचं दार उघडं होतं तरी दानियल मोठ्याने रडला.

मुलगी लिडिया धावत आली. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, फोनवर चेहरा जोडता येतो. देऊ करून?"

"दुसऱ्याच कुणाची तरी आई येईल," तो म्हणाला.

आता पानं परत बसवायची तर कड पुन्हा कापायला हवी होती. त्याशिवाय सरस नीट धरत नाही. म्हणजे कानही गेला असता. दानियलने कापलं नाही. दोन्ही पानांच्या मध्ये बोटभर रुंद कोरी पट्टी जोडली आणि त्या पट्टीतून दोऱ्याने शिवलं. मग पुठ्ठा चढवला.

रोहिणीताई आल्या, पुठ्ठा बघून खूश झाल्या. मग पुस्तक नेमकं तिथेच सपाट उघडलं, आणि त्यांचा आवाज चढला. "मी सांगेल व्हतं ना? हाई कोरी पट्टी काबर टाकी मजार?"

"तठे मन्ही माय शे, ताई," दानियल म्हणाला.

ताईंनी त्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं. पण पुस्तक त्यांचं होतं. ते पिशवीत घालून त्या एसटी स्टँडकडे निघाल्या, आणि वळण येईपर्यंत दानियल त्या पिशवीकडे बघत उभा राहिला.