एकदाच वापरायचा पत्ता

उभ्या नवी मुंबईत माझ्या व्याह्यांइतका गुपितं जपणारा माणूस झाला नाही. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण एवढं सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं. उलव्यात राहणारे हे गृहस्थ एका टपरीवर दुसऱ्यांदा चहा पीत नसत. "चहावाल्याला आपली साखर कळली की संपलं, व्याहीबुवा!" न्हावी दर खेपेला नवा. आमच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोत त्यांचा डावा कल्ला उजव्याला ओळख देत नाही, तो त्यामुळेच.

धंदाही तसाच. ते लोकांना उखाणे आणि माफ्या लिहून देत. पैसे क्रिप्टोत घेत आणि दर गिऱ्हाइकाला पैसे पाठवायचा नवाकोरा पत्ता काढून देत. एकदा वापरला की तो पत्ता बाद. मी म्हणालो, "अहो, भाजीवालीचासुद्धा एकच क्यूआर असतो!"

"तिची भेंडी उघड्यावरच असते. इथे एका पत्त्यावर काय काय आलं ते कुणालाही बघता येतं. माफी विकतची आहे हे कळलं, तर ती माफी राहते का?"

मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटला. त्यांचा धंदा वाढावा म्हणून मी त्यांच्या मोबाइलवरचा एका जुन्या पत्त्याचा क्यूआर गुपचूप छापून घेतला, लॅमिनेट केला, खाली 'माफी लिहून मिळेल' असं ठळक टाकलं आणि फोटो सगळ्या ग्रुपांवर सोडला. करंजाड्याच्या एका बाईने तो स्कॅन केला. नवऱ्याचा क्रिप्टोचा पत्ता तिच्या ओळखीचा होता; त्यावरून आलेले पैसे तिथे दिसले. ज्या चिठ्ठीने विरघळून ती माहेराहून परतली होती, ती कुणी लिहिली ते तिला कळलं. ती पुन्हा माहेरी गेली.

व्याही पार खचले. "कुणी छापलं कोण जाणे. पण मोबाइल उघडा टाकला मीच." मी पोह्यांतली मिरची बाजूला काढत राहिलो.

मग मी खोट्या नावाने त्यांच्याकडेच माफी मागवली : 'जवळच्या नातेवाइकाचा विश्वास मोडला आहे.' लगेच नवाकोरा पत्ता आला. मी पैसे पाठवले. मजकूर असा आला की वाचताना चष्मा पुसावा लागला. खाली एक ओळ जास्तीची होती : 'हे पाठवू नका. समोर बसून सांगा. नातेवाईक घरीच असतो.'

मी गेलो. दर रविवारी गेलो. चहा झाला, विमानतळाच्या गप्पा झाल्या, जावयाच्या तक्रारी झाल्या. गेल्या वर्षी ते गेले.

परवा तो पत्ता उघडून पाहिला. माझे पैसे आहेत तिथेच आहेत, त्यांनी हात लावला नव्हता. पैसे तेवढे पोचले. माफी माझ्याजवळच राहिली.