शहाऐंशी म्हणजे नापास

शाळेत मला कधी छत्तीसच्या वर मार्क पडले नाहीत. गणितात तर तेवढेही नाहीत. नववीनंतर मी शाळेला सोडलं आणि शाळेनं मला, आणि दोघांपैकी कुणालाही फारसं वाईट वाटलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी अशा एका खेळाच्या नादी लागलो, ज्यात आकडा जितका कमी तितका माणूस हुशार. हे कळलं तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर आपलाच विषय. कमी मिळवायचा सराव लहानपणापासून आहे.

पहिल्याच सोमवारी मला एकशे चौतीस पडले.

आमचं गोल्फचं मैदान पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडे. नऊ होल आहेत. होल म्हणजे झेंडा रोवलेली छोटी वाटीएवढी खळगी. चेंडू त्यात पडेपर्यंत मारत राहायचा. नऊ खळग्या दोनदा फिरल्या की अठरा होतात, आणि तोवर एकूण जेवढे टोले लागले, तेवढी तुमची अक्कल. टीव्हीवर दिसतं तसं होलभोवती हिरवंगार गवत आमच्याकडं नाही. शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं; अशात आम्ही रोज गवत भिजवलं तर लोक हंडे घेऊन आमच्या गेटवर येतील, एवढं कमिटीला समजतं. म्हणून होलभोवती वाळू असते, जळकं ऑइल कालवून थापलेली, काळीकुट्ट. तिला ब्राऊन म्हणतात. का, ते मी विचारलेलं नाही. विचारणारा माणूस नोकरीत डोळ्यावर येतो.

ती वाळू सपाट करणं हे माझं काम. सकाळी सहाला फळीला गोणपाट गुंडाळून ब्राऊनवर गोल गोल ओढायची. मग हातात दाताळं घेऊन बंकर विंचरायचे. बंकर म्हणजे खेळणाऱ्याला छळायला मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा. बाजूच्या शेरड्या कुंपणातून शिरतात आणि त्यांना सगळ्या मैदानात बंकरच आवडतो. त्यांच्या खुरांचे ठसे पुसता पुसता माझी सात वर्षं गेली. गोंदियाहून एवढ्या लांब येऊन मी वाळूचा भांग पाडतो, हे घरी नीट सांगताच आलं नाही. "मैदानाचं बघतो," एवढंच सांगितलं.

सोमवारी मैदान बंद. म्हणजे साहेब लोकांना बंद. त्या दिवशी कर्मचाऱ्यांनी खेळलं तरी चालतं, अशी जुनी रीत आहे. एका साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांचा संच मला कॅडींच्या मुकादमांनी दिला. कॅडी म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणारे, आणि त्यांचे हे मुकादम, आमचे चाचा. शहरातच जन्मलेले, मराठी आणि हिंदी एका पातेल्यात शिजवून बोलणारे. संचात सात नंबरची काठी नव्हती. ती त्या साहेबांनी रागाच्या भरात कडुलिंबावर मोडली होती.

"सात नंबरबिगर बी खेळता येतंय," चाचा म्हणाले. "तुला तर समद्याच सारख्या."

मी आजही त्यांचा ऋणी आहे. हे टोमणा म्हणून म्हणत नाही. टोमणे ते मारायचे.

शिकवायला सुभेदारसाहेब होते. वैजापूरकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडं कोच झालेले. गेटवर वॉचमनला रोज इतक्या कडक आवाजात "जय भीम" घालायचे, की वॉचमनची झोप उडायची आणि अर्ध्या मैदानाची पण. फौजेत अफसरांच्या पिशव्या उचलता उचलता ते गोल्फ शिकले होते, म्हणून माझ्यासारख्यावर त्यांचा जीव. त्यांचं शिकवणं तीन शब्दांत मावायचं. "डोकं खाली ठेव."

आता मला सांगा. ठेकेदारापुढं, मॅनेजरपुढं, घरमालकापुढं जन्मभर मी डोकं खाली ठेवूनच उभा राहिलोय. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण चेंडूवर काठी उगारली रे उगारली, की माझं डोकं वर. चेंडू कुठं गेला हे बघायची एवढी घाई, की तो जायच्या आधीच मी बघायला लागायचो. आणि तो जायचा कुठं? उजवीकडं. कायम उजवीकडं, कुंपणापलीकडच्या कपाशीत. त्या शेतातल्या मावशी आठवड्याचे चेंडू ओच्यात गोळा करून आणून द्यायच्या.

"कोणता साहेब हाय हो ह्यो?" त्यांनी एकदा विचारलं. "एक बी धड मारीत नाय. लईच अडाणी दिसतोय."

"आहे एक," मी म्हणालो. "नवीन आहे."

तेव्हा मला खेळायला लागून दोन वर्षं झाली होती.

गोल्फमध्ये माणूस सुधारतो, पण आमच्या गल्लीतल्या नळासारखा. कधी येईल सांगता येत नाही, आला तर किती वेळ टिकेल ते त्याहून नाही. पाऊस उघडला तेव्हा मी एकशे चारवर होतो. दिवाळीला एकशे एक. मग एका सोमवारी, काहीही वेगळं न करता, एक्याण्णव. मी सगळ्यांना चहा पाजला. चेंडू मारताना माझं डोकं आपोआप खाली राहायला लागलंय, असं मी चार जणांना समजावूनही सांगितलं. पुढच्या सोमवारी एकशे बारा. चाचांनी कार्डावर आकडा लिहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मियाँ, आज चहा कोण पाजणार? कपाशीवाली मावशी?"

असं तीन वर्षं चाललं. सोडून का दिलं नाही, असं बायको विचारायची. खरं कारण असं, की बाकी कशातच मला माझा आकडा कळत नव्हता. वाळू कितीही चांगली विंचरली तरी संध्याकाळी ती तशीच विस्कटलेली असते. इथं निदान किती वाईट आहोत ते आकड्यात मिळायचं.

आणि मग हिवाळ्यात नोटीस लागली. असिस्टंट कोच हवा. सुभेदारसाहेबांच्या हाताखाली, नवशिक्यांना काठी धरायला शिकवायचं. त्या जागेबरोबर मैदानाच्या मागची दोन खोल्यांची क्वार्टर. मी नोटीस खालून वर वाचली, कारण शिक्षणाची अट नेहमी खाली असते आणि वाचायचे कष्ट वाचतात. पण यावेळी खाली लिहिलं होतं: कर्मचाऱ्यांना शिक्षणाची अट नाही. तीन सोमवार परीक्षा. त्यातल्या एका तरी दिवशी अठरा होल पंच्याऐंशी किंवा त्याहून कमी टोल्यांत.

मी दोनदा वाचली. दहावीची मार्कशीट न मागणारी परीक्षा माझ्या आयुष्यात ही पहिलीच. सुभेदारसाहेबांनीच कमिटीशी भांडून ती ओळ घालून घेतली होती, हे मला नंतर कळलं. मला म्हणाले मात्र एवढंच, "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दे म्हणून चार वर्षं ओरडतोय, ते तू ऐकत नाहीस. मग हे तरी कर."

बायको आणि पोरगी गावाकडं असतात. चितेगावात मी चौघांबरोबर ज्या खोलीत राहतो तिथं बाईमाणूस आणणं शक्य नाही. पोरगी जूनमध्ये पहिलीला जाणार होती. क्वार्टर मिळाली तर तिचं नाव इथल्या शाळेत घालायचं, आम्ही तिघं एका जागी राहायचं, असं ठरलं. बायकोनं नोटीस फोनवर माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "पंच्याऐंशी म्हंजे फर्स्ट क्लास का जी?"

"त्याच्याही वर," मी म्हणालो. आता हे तिला उलटं कसं समजवायचं, ते पुढं बघू म्हटलं.

पहिल्या सोमवारी सत्त्याण्णव. घाईत सकाळी काही खाल्लं नाही, म्हणून दहाव्या होलपासून चेंडू सोडून भाकरीच दिसायला लागली. दुसऱ्या सोमवारी पोट भरून गेलो. अठ्ठ्याऐंशी. सुभेदारसाहेब म्हणाले, "तीनच कमी करायचेत." जणू ताटातल्या तीन भाकऱ्या कमी करायच्यात.

तिसऱ्या सोमवारी सुभेदारसाहेब शेवटच्या होलजवळ, कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले. माझ्याबरोबर कार्ड घेऊन चाचा चालत होते. मार्च संपत आलेला, ऊन आठ वाजताच डोक्यात घुसणारं. आणि माझा चेंडू सरळ जात होता. मला भीतीच वाटायला लागली. सरळ जाणाऱ्या चेंडूचं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. कपाशीवाल्या मावशी बांधावर उभ्या राहून वाट बघत होत्या. त्यांना त्या दिवशी एकही चेंडू मिळाला नाही.

सोळाव्या होलला चेंडू बंकरमध्ये गेला. बंकर विंचरलेला नव्हता, कारण विंचरणारा परीक्षा देत होता. शेरड्यांनी रात्रभर तिथं लग्नाची वरात नाचवल्यासारखे ठसे. मी उतरलो. कडेला दाताळं पडलं होतं. मी ते उचललं, चेंडूच्या मागचे सगळे ठसे नीट ओढून सपाट केले, कडा बसवल्या, दाताळं जागेवर ठेवलं, काठी घेतली आणि चेंडू एका टोल्यात बाहेर काढला. झकास निघाला. का नाही निघणार? वाळू आरशासारखी होती.

सतराव्या होलवर काठी उगारताना मला नियम आठवला. बंकरमध्ये चेंडू असताना त्याच्याजवळची वाळू सारखी करायची नसते. जसं असेल तसं मारायचं. केलं तर दोन टोले दंड. जगातल्या कुठल्याही खेळणाऱ्याच्या हातून ही चूक होणार नाही, कारण एकाही खेळणाऱ्याला दाताळं उचलायची सवय नसते.

"चाचा," मी म्हणालो. "मागं बंकरमध्ये मी..."

"मी टोपी झटकत होतो," चाचा म्हणाले. "मेरेकू काय दिसलं नाय."

"मी दाताळं फिरवलं."

"अरे गप की बाबा! कोण इचारतंय तुला? मार तू."

"दोन टोले लागतात त्याचे."

"लागतात ना साहेब लोकांना. ते रोज विसरतात, कुणाला लागलेले पाहिले तू?"

प्रामाणिकपणा म्हणून सांगितलं असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. खरं असं, की मला लपवताच येत नाही. नववीत कॉपीची चिठ्ठी खिशात असताना मास्तरांनी विचारायच्या आधी मीच रडायला लागलो होतो. सुभेदारसाहेबांनी माझ्या तोंडाकडं नुसतं बघितलं असतं तरी सगळं बाहेर पडलं असतं, आणि त्यांनी माझ्यासाठी कमिटीशी भांडण केलेलं. चाचांनी माझ्याकडं बघून मान हलवली. वेडा आहे हा, अशी. मग पेन्सिलीनं सोळाच्या चौकटीत पाचाचे सात केले, एवढ्या हळू, की त्यांची पेन्सिल मोडावी असं मला वाटत होतं.

उरलेले दोन होल मी बरे खेळलो. झाडाखाली सुभेदारसाहेबांनी बेरीज केली. दोनदा केली. मग सोळाच्या चौकटीवर बोट ठेवून चाचांकडं पाहिलं.

"ह्यानं बंकर विंचरला," चाचा म्हणाले. "ड्यूटीवर नसताना."

सुभेदारसाहेब हसले नाहीत. "शहाऐंशी," म्हणाले. "बाकी कुणीच शंभराच्या आत नाही. जागा रिकामी राहील. दिवाळीनंतर परत परीक्षा." मग थोडं थांबून, "सतरा नंबरचा फॉर्म तर त्याच्याही आधी निघतो."

संध्याकाळी मी घरी फोन लावला.

"किती पडले जी?"

"शहाऐंशी."

"पंच्याऐंशीच पायजे होते ना? मंग एक जास्तीच पडला! पास!"

मग मला तिला सगळं सांगावं लागलं. की इथं जास्त म्हणजे वाईट. की पंच्याऐंशीच्या वर जायचं नव्हतं. की बकऱ्यांचे ठसे होते आणि माझा हात गेला. कमी मार्क पडले म्हणून माझी शाळा सुटली, आणि आता एक जास्त पडला म्हणून क्वार्टर गेली. हे तिला सांगता सांगता मलाच खोटं वाटायला लागलं.

"काऊन केलं मंग तसं?" ती शेवटी म्हणाली. रागानं नाही.

"रोज करतो म्हणून."

तिनं तिकडं पोरीला हाक मारून जवळ घेतलं. मग म्हणाली, "हिचं नाव मंग इथंच घालतो पहिलीले. दुसरीले तिकडं आणू. आता तुमी दिवाळीपर्यंत त्या खड्ड्यात हातच नका घालू."

तो खड्डा रोज सकाळी सहाला मलाच विंचरायचा असतो, हे मी तिला सांगितलं नाही. तेवढ्यात पोरीनं फोन ओढून घेतला. तिनं आकडा ऐकलेला होता.

"बाबा, शहाऐंशी पडले तुमाले? शंभरापैकी?"

बकऱ्यांच्या चार ठशांसाठी स्वतःवर दोन टोले लावून घेणारा माणूस मी. म्हणालो, "हो."

ती फोन टाकून ओरडत अंगणात पळाली. माझ्या बाबाले शहाऐंशी, शहाऐंशी, असं ती शेजारच्या तीन घरी सांगत गेली, ते मला गोंदियाहून पार इकडं ऐकू येत होतं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. गावात माझ्या घराण्यात एवढे मार्क आजवर कुणालाच पडलेले नाहीत.