ताणा उन्हात असताना

फोन वाजला नाही की माझा जीव थाऱ्यावर नसायचा, आणि वाजला की नेमके हात खळीत.

आम्ही नवराबायको घोंगडी विणतो. मूळचे जतकडचे. तिकडं घरटी माग, गिऱ्हाईक वाटून वाटून संपलेलं. इथं राहुरीच्या पुढं, शिर्डीच्या रस्त्याला, एका काकूंनी गोठ्याशेजारची पडवी दिली. ना ओळख, ना पाळख. त्यांचे उपकार कसे फेडायचे, हा घोर वेगळाच. सातवीतच शाळा सुटलेला माणूस मी, पण मोबाईलवर फोटो टाकायला शिकलो. रस्त्यावर पाटी लावली. दोन फोन यायचे, मग आठवडाभर सामसूम. दिवाळीपर्यंत रोजची विचारपूस सुरू झाली नाही तर माग उचलून गावी परतायचं, असं ठरलं होतं.

अडचण पाजणीची. विणण्याआधी ताणा, म्हणजे लोकरीचे उभे धागे, अंगणात ताणून चिंचोक्याची खळ लावायची आणि वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंच्यानं विंचरत राहायचं. थांबलं की धागे चिकटले. याला कडक ऊन लागतं, आणि लोक फोन करतात तेही त्याच वेळी. संध्याकाळी मी उलटा फोन लावला की म्हणायचे, "राहू द्या आता, घेतलं दुसरीकडून."

त्या दिवशी फोन दगडावर वाजून वाजून थांबला आणि परत वाजायला लागला.

"तिकडं बघू नका, कुंचा चालवा," बायको म्हणाली.

डेअरीला दूध घालून काकू येत होत्या. त्यांनीच उचलला.

"व्हय, घोंगडीवाल्याचाच हाय. पन त्याचे हात बरबटल्यात... न्हाई ओ, सोडून कसा येईल, धागं चिकटत्यात... आता ते सांगून कळायचं न्हाई. शिर्डीला चाललाय ना? मग वाटंतच हाय. या अन् बघा."

"काकू, लांबी-रुंदी तरी विचारायची!"

"गप रं. पोरगी बघायला येत्यात ते आधी घर बघत्यात. तू नुसतं फोटोच धाडतो."

अंगणात कोंबड्या, खळीचा आंबूस वास, आम्ही दोघं कोपरापर्यंत चिकट. आवरायला हलताही येईना. तेवढ्यात फोनवाल्यांची गाडी थांबलीच.

बाईंनी उतरताच नाकाला पदर लावला. संपलं, म्हटलं. पण त्या जवळ आल्या, ताण्याखालून वाकून बघितलं. "मी फिरवू का?" बायकोनं कुंचा दिला. त्यांचे साहेब मोबाईलवर शूटिंग करत राहिले. निघताना बाई म्हणाल्या, "आमचं घोंगडं याच धाग्यांचं विणा. दुसरं नको."

त्यांनी ते शूटिंग कुणाकुणाला धाडलं, देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारू लागले, "परत कधी लावणार खळ?" तेव्हापासून मी आदल्या दिवशी स्टेटसला टाकतो : उद्या पाजणी, बघायला या. फोन काकू घेतात. दर वेळी थोडे लोक येतात, पण येतात.

दिवाळी झाली. भावानं गावाकडून विचारलं, "माग कधी उचलतोस? टेम्पो सांगून ठेवू का?"

"नको. उद्या ताणा लावायचाय, माणसं येणार हायत," म्हणालो, आणि फोन ठेवून ढग आलेत का ते बघायला परत बाहेर गेलो.