मामेसासऱ्यांची गादी

आमच्या मामेसासऱ्यांइतका शिस्तीचा पाहुणा अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. रोहिणखेडहून चिखलीला आमच्याकडे यायचं म्हटलं की ते हप्त्याहप्त्याने यायचे. पहिल्या दिवशी काळीपिवळी जीपच्या टपावरून त्यांची गादी, दुसऱ्या दिवशी तांब्या आणि ठेच्याची बरणी, आणि सगळं जागच्या जागी लागलं की तिसऱ्या दिवशी स्वतः मामा. गादीतला कापूसही खास. बीटी कपाशीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची छोटी पुडी मिळायची. ती कडेने पेरायची, म्हणजे बोंडअळीला तेवढं रान मोकळं. गाव ती पुडी फेकून द्यायचं, मामा दरसाल पेरायचे आणि अळीकडून उरलेला कापूस गादीत भरायचे. "तिलेबी घर पाह्यजे ना, जवाईबुवा!"

मग मानेत गाठ आली. औरंगाबादला मीच सोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, गाठ आधी रक्तातून निरोप धाडते, लांब फुप्फुसात आपल्यासाठी जागा तयार करून घेते, मग तिच्या पेशी तिथे राहायला जातात. म्हणून औषधाची एकही खेप चुकवायची नाही. मामा एकदम खूश. "म्हंजे माह्यावाणीच की! आंधी गादी, मंग मी." डॉक्टरही हसले.

औरंगाबादची बस चिखलीहून पहाटे सुटायची, म्हणून औषधाच्या खेपेआधीच्या रात्रीचा मुक्काम आमच्याकडे ठरला. ठरल्याप्रमाणे गादी आली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मी पोरांकडून घोकून घेतलं आहे. तोच मी दारात आडवा उभा राहिलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, "आम्ही गावाला चाललोय." घरात लहान लेक आहे, अशी मनाची समजूत घातली. गादी परत गेली. मामांनी तो मुक्काम बसस्टँडच्या बाकावर काढला, हे मला नंतर पानवाल्याने सांगितलं. लाज वाटली, पण रोहिणखेडला जाऊन माफी मागण्याइतकी हिंमत झाली नाही. पुढे एका लग्नात तेच जवळ आले. "जागा तयार नव्हती, मंग मी कसा येऊ? मनाले लावून घेऊ नका."

दिवाळीच्या आधी मामा गेले. तेरावं झाल्यावर काळीपिवळी दारात थांबली. टपावर गादी होती, आणि मामींचा निरोप, "त्याइनं सांगतलं व्हतं, चिखलीलेच धाडजा."

मी ती खिडकीपाशी, त्यांना लागायची तशी घातली. दुसऱ्या दिवशी तांब्या भरून उशाशी ठेवला. तिसऱ्या दिवशी शाळेत गेलोच नाही, दारात बसून राहिलो.