बाण मारणारे त्याच्याच पलटणीतले होते

कॉलेजला असताना मी उल्हासनगरला कॅम्प पाचात, सिस्टरांच्या हॉस्टेलमध्ये राहायचे. आमच्या आदिवासी वाडीतली पहिली ग्रॅज्युएट मी, हे मी कुठेही सांगते. तिथे जेवणाच्या खोलीत एका संताचं चित्र होतं. झाडाला बांधलेला तरणा शिपाई, अंगभर बाण. वॉर्डन सिस्टरने त्याची गोष्ट सांगितली. रोमच्या बादशहाच्या पहाऱ्यावरचा हा माणूस गुपचूप ख्रिस्ताला मानायचा, तुरुंगातल्या ख्रिस्ती कैद्यांना धीर द्यायचा. बादशहाला कळलं. त्याने त्याच्याच पलटणीला त्याच्यावर बाण सोडायला लावले. मेला समजून सगळे निघून गेले. एका विधवेने त्याला घरी नेऊन जगवलं.

"एवढ्या जवळून मारून जगला?" मी म्हटलं. "सिस्टर, आमच्याकडे एवढ्यावरून ससासुद्धा सुटत नाही. त्यांनी मुद्दाम चुकवले."

सिस्टर हसल्या. "पण बरा झाल्यावर तो पळाला नाही गं. बादशहासमोर जाऊन उभा राहिला. मग दांडक्यांनी ठेचून मारला आणि गटारात फेकला."

त्याच उन्हाळ्यात माझ्या बाला बेदम मारलं. बारवी धरणाकडे आमची वाडी. एका प्लॉटवाल्याने झऱ्याच्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं होतं, ते बाने तोडलं. त्याने ते परत ताणलं आणि संध्याकाळी तोंडाला फडकी बांधलेले चौघे घरात घुसले. मी पोचले तेव्हा बाच्या पाठीची सालं निघाली होती, पोटऱ्या काळ्यानिळ्या, कान फाटून लोंबत होता. आई हळद दाबत होती. उंबऱ्याशी त्यांची एक काठी राहिली होती. मुठीवर डागलेली खूण काकाची, बाच्या चुलतभावाची. आमच्यात बाणावर, काठीवर घराची खूण असते. शिकारीत दुसऱ्याचा बाण सापडला तर तो त्याच्या दारात नेऊन द्यायचा, ही रीत.

"डोक्यात एक बी नाय मारली त्यानं," बा म्हणाला. "उभा राह्यलो की परत तोडणार तार."

मी संताची गोष्ट सांगितली.

"मंग? जगला ना त्यो?" आईने विचारलं.

"जगला. परत गेला, तेव्हा ठार मारला."

"गप बस! हेच शिकलीस व्हय कॉलेजात?"

बा मात्र उठला. "काठी देऊन येतो त्याची."

मी त्याला धरून नेलं. काका दारात आला आणि काठी बघून त्याचं तोंड उतरलं.

"तुझी राह्यली रं," बा म्हणाला. "सकाळी तार तोडाया जातोय. परत मारायचं असंल तर आताच मार, पोरीसमोर."

काकाने काठी घेतली नाही. "माझ्या पोराला कामाला लावतो बोलला प्लॉटवाला," एवढंच म्हणाला.

सकाळी आम्ही निघालो तर काका आमच्या पुढे चालत होता, हातात कोयता. या खेपेला प्लॉटवाल्याने बाहेरची माणसं आणली होती, लोखंडी सळया घेऊन. पहिली सळई बाच्या डोक्यावर येत होती. काका मध्ये शिरला. त्याचं कपाळ आत गेलेलं मी पाहिलं. तो तारेवर पडला, तरी ते मारत राहिले. बाचा हात मोडला. मी दगड मारत सुटले, माझा दात गेला. बदलापूरचा दवाखाना यायच्या आधीच काका टेम्पोत, माझ्या मांडीवर गेला.

कुंपण परत उभं राहिलं नाही.

हॉस्टेलला परतले तेव्हा मी चित्र नीट पाहिलं. बाण मारणारे त्यात काढलेलेच नाहीत.

"सिस्टर, बाण मारणाऱ्यांतला कोणी नंतर त्याच्या बाजूने उभा राहिला का हो?"

"तसं काही लिहिलेलं नाही गं."

"आमच्याकडे राहिला," मी म्हटलं.