वाया न जाणारा उजेड

वहिनींना जाऊन सात महिने झाले. घरातलं सगळं रीतसर पार पडलं. माझं मात्र त्यांना एक सांगायचं राहून गेलं, आणि आता ते ऐकायला त्या नाहीत. म्हणून लिहायला बसलो आहे. दिवसाला चार ओळी होतात, त्यातल्या दोन मी दुसऱ्या दिवशी खोडतो.

दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, फिरता सिनेमा होता. घर दर्यापूरला. दिवाळीच्या सुमाराला तंबू बाहेर निघायचा आणि उन्हाळा संपेपर्यंत अकोटापासून वर्धा नदीपर्यंत गावोगाव हिंडायचा. वहिनी लग्न झाल्यापासून त्याच्याबरोबर जायच्या. लोक बोलायचे, पण त्यांच्याशिवाय दादाचं चालत नसे, कारण तंबूचा अर्धा भाग त्यांचा होता.

आमचा पडदा तंबूच्या मधोमध असायचा. एका अंगाला यंत्र आणि पुरुष. दुसऱ्या अंगाला, पडद्यामागे, बाया आणि लेकरं. पडदा साध्या मांजरपाटाचा. खेळाच्या आधी वहिनी त्यावर पाणी मारून घ्यायच्या. ओल्या कापडातून उजेड पार जातो आणि मागूनही चित्र स्वच्छ दिसतं. अर्थात उलटं. बायांच्या बाजूला सगळे नायक डावरे असत.

"अवं माय, हा डाव्या हातानं जेवून रायला!" अशी एखादी ओरडायची.

"ममईत तसंच जेवतेत," वहिनी गंभीरपणे सांगायच्या. नायिकांचा पदर उजव्या खांद्यावर दिसे, त्यामुळे सिनेमातल्या सगळ्या बाया मारवाडी असतात, असं आमच्याकडच्या कित्येक जणी धरून चालल्या होत्या. पडद्यावरची अक्षरं उलटी आहेत अशी तक्रार इतक्या वर्षांत एकाच मुलीनं केली. ती नुकतीच चौथी पास झाली होती. वहिनींनी तिला पुढं बसवून घेतलं आणि सबंध खेळभर कौतुकानं तिच्याकडेच पाहत राहिल्या. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं.

त्या बाजूला शिट्ट्या नव्हत्या, धक्काबुक्की नव्हती. सासुरवाशिणी डोक्यावरचा पदर खाली घेऊन मोकळेपणी हसायच्या. वर्षातून एवढ्या एका ठिकाणी कोणी त्यांच्याकडे पाहत नसे आणि त्या मात्र पाहत असत. हे वाक्य मला आज सुचतं आहे. तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मी तेव्हा अमरावतीला बी.ए. करत होतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. साऱ्या वऱ्हाडाला चित्रपट पुरवणाऱ्या कचेऱ्या अमरावतीत होत्या, त्यामुळे थिएटरवाल्यांची ऊठबस तिथंच असे. त्या वर्षी त्यांनी दोन दिवसांचा मेळावा भरवला. मोठ्या पडद्याचे चित्रपट येऊ लागले होते. त्यांच्यासाठी यंत्राला वेगळं भिंग लागे आणि पडदाही वेगळा लागे. हे सगळं दाखवायला मुंबईच्या एका कंपनीचा माणूस येणार होता. तो मूळचा मद्रासकडचा, हिंदी त्याला जेमतेम येई. तो इंग्रजीत बोलणार आणि कोणीतरी मराठीत सांगणार, असं ठरलं. आमच्या प्राध्यापकांनी माझं नाव दिलं.

मेळावा एका थिएटरात, सकाळच्या वेळी. बाहेरच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली: यंत्राच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या, कर्णे, खुर्च्यांचे नमुने, तिकिटांची भेंडोळी. आत पुढच्या सोफ्यांवर पक्क्या थिएटरांचे मालक आणि शेवटच्या बाकांवर तंबूवाले. त्यांत दादा. त्याच्याबरोबर वहिनीही अमरावतीला आल्या होत्या. मेळाव्यात बायका नव्हत्या, म्हणून त्या नात्यातल्या एका घरीच थांबल्या. सकाळी मला भाकरी वाढताना म्हणाल्या, "भाऊजी, एवढं एक त्या सायबाले इचारजा. मोठा पडदा मांगून दिसते का? तुमच्या दादाले ध्यान नाई रायाचं. तुमी इचारजा."

"विचारतो," मी म्हणालो.

मित्राचा कोट घालून मी व्यासपीठावर उभा राहिलो. आधी दिवे मालवून त्यांनी थोडं चित्र दाखवलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत समुद्र. आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलाच नव्हता. मागच्या बाकांवरून कोणीतरी "बाप्पा!" म्हणालं. तो दादाचा आवाज होता.

मग त्या माणसानं पडद्याच्या कापडाचा तुकडा काढला. जाड, पुढून चंदेरी मुलामा दिलेला. माझ्या हाती देत तो म्हणाला, याच्यातून उजेड मागे निसटत नाही. मी तो तुकडा उंच धरला आणि वाक्य सजवून सांगितलं: "या पडद्यावर पडलेल्या उजेडाचा एक कणही वाया जात नाही. सगळाच्या सगळा प्रेक्षकांकडे परत येतो." टाळ्या पडल्या. दादानंही वाजवल्या. तुकडा खाली ठेवताना मी त्याची मागची बाजू पाहिली. ती काळी होती.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मीच माझ्या तोंडानं देऊन बसलो होतो, आणि त्याच क्षणी ते मला समजलंही. पण दादाला समजलं नव्हतं. त्याला एवढंच ऐकू आलं होतं की काही वाया जात नाही. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी तो उघड विचारायला हवा होता.

माझ्याआधी एका तंबूवाल्यानं हात वर केला. "वारा सुटला तं या पडद्याचं कसं?"

पुढच्या सोफ्यावरून एक मालक मान न वळवता म्हणाले, "बुवा, पयले तंबू सांभाळ. पडद्याचं मंग पाहू."

सगळे हसले. काय झालं, असं त्या पाहुण्यानं मला इंग्रजीत विचारलं. मी 'विशेष काही नाही' म्हणून सांगितलं आणि त्या तंबूवाल्याचा प्रश्नही गाळला. आमच्याकडे बाया पडद्यामागे बसतात, हे त्या सोफ्यांसमोर, त्या कोटात, इंग्रजीत सांगायचं माझ्या जिवावर आलं. "आणखी काही?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. नंतर एका मालकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "इंग्रजी भल्लं साफ आहे तुमचं," तो म्हणाला. मला ते आवडलं. हेही लिहिलं पाहिजे.

त्याच दुपारी दादानं पडदा आणि भिंग मागवल्याच्या कागदावर सही केली. मी शेजारीच होतो.

संध्याकाळी दादा-वहिनींना मोटारीवर बसवायला गेलो. वहिनी खिडकीशी होत्या. "इचारलं का, भाऊजी?"

"हो."

"काय म्हने?"

दादा पलीकडून हसत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. "दिसतं म्हणाले," मी म्हणालो.

"पाहा, मी म्हनलं नव्हतं?" त्या दादाला म्हणाल्या. मोटार निघाली.

पडदा यायला कार्तिक उजाडला. कौंडण्यपूरच्या जत्रेत तो पहिल्यांदा लागायचा होता. सुट्टी असल्यानं मीही गेलो. खरं म्हणजे मी आधी जाऊन दादाला बाजूला घेऊन सांगणार होतो. पोचलो तेव्हा जुना मांजरपाट फाडून त्याची ठिगळं तंबूच्या छताला लावून झाली होती. नवा पडदा पाइपांच्या चौकटीवर ताणलेला. गडीमाणसं पुढून पाहून वा वा करत होती. मागच्या बाजूला वहिनी एकट्याच, हातात पाण्याची बादली.

"भाऊजी, हे तं काळंच आहे."

"दिवा लागला की दिसेल," मी म्हणालो.

त्यांनी बादली ठेवून दिली. गावोगावच्या बायांना त्यांनी अगोदरच निरोप धाडले होते: औंदा पडदा भल्ला मोठा आहे, आपल्या बाजूनंबी तेवढाच दिसन, कंपनीच्या सायबानं सांगतलं. दिवेलागणीच्या पहिल्या खेळाला बाया बंड्या जुंपून आल्या. मागची बाजू गच्च भरली. मी त्या बाजूच्या दाराशी तिकिटं घेत होतो.

यंत्र सुरू झालं. पुढून एकदम मोठा हर्षाचा आवाज उठला. मागं अंधार.

"लाव न वं तुहा सिनेमा!"

"थांब, आपला मांगून लावतीन."

"पयले मानसाईचं, मंग आपलं. घरीबी तसंच अन् अठीबी तसंच!"

त्या हसत होत्या. त्यांना अजून वाटत होतं की काहीतरी लागायचं राहिलं आहे. वहिनी कनातीच्या कडेनं पुढं गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. माझ्याजवळून गेल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. बायांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बायाहो, फसलो आपन. इकून दिसत नाई. मी पाहून येतो अन् सांगतो."

आणि त्यांनी तसं केलं. कनातीपर्यंत जायच्या, पाहायच्या, परत येऊन सांगायच्या. "आता तो घोड्यावर बसला... बाई दारात उभी आहे, रडून रायली... लय मोठं घर आहे, तिचं एकटीचं." पुढून संवाद ऐकू येत, गाणी ऐकू येत. सुरुवातीला बाया ऐकत होत्या. मग लेकरं किरकिरू लागली. एकेक बाई उठू लागली. एक म्हातारी जाता जाता वहिनींच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "राहू दे माय, दमली तू." मध्यंतराला मागं दहाबारा जणी उरल्या होत्या. वहिनी शेवटपर्यंत सांगत राहिल्या. मी दाराशी उभा होतो. त्यांनी सांगितलेला तो सिनेमा मला अजून पाठ आहे.

खेळ सुटल्यावर दादा कंपनीच्या त्या माणसाला शिव्या घालत म्हणाला, "पत्र लिही त्या कंपनीले. इंग्रजीत. झणझणीत लिही."

मी लिहिलं. दोघांना वाचून अर्थ सांगितला. वहिनी म्हणाल्या, "हेबी लिहा, तुमी आमच्या भाऊजीले तोंडानं सांगतलं होतं." मी तेही लिहिलं. ते पत्र मी टपालात टाकलं नाही. कंपनीचं उत्तर आलं असतं की असं कोणी विचारलंच नव्हतं.

पुढं दर सुट्टीत वहिनी विचारायच्या, "आलं का उत्तर?" मी 'नाही' म्हणून मान हलवायचो. दोन वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं.

दादा आधी म्हणत होता की पुढच्या हंगामात एक साधा पडदाही घेऊ. पण पुरुषांची गर्दी इतकी वाढली की मागची बाजू ओस पडल्याचं तंबूला जाणवलं नाही. पुढंच एका कडेला कनात लावून बायांना जागा दिली. तिथून चित्र तिरपं दिसे आणि शिट्ट्या सरळ येत. बाया कमी होत गेल्या. मग वहिनी दर्यापूरला राहू लागल्या. शिवणयंत्र घेतलं. दादा हंगामाला एकटा निघायचा आणि त्या दारापर्यंत येऊन तंबूच्या गाडीकडे पाहत राहायच्या.

मी अकोल्याला शिकवायला लागल्यावर एकदा त्यांना तिथल्या मोठ्या थिएटरात नेलं. वरच्या मजल्यावर, चांगल्या खुर्चीत. त्या अंग चोरून बसल्या होत्या. मध्यंतरात म्हणाल्या, "भाऊजी, एक समजत नाई मले. त्या मानसाचं मी काय केलं होतं? नाई म्हनला असता तं आमी घेतलाच नसता. खोटं काहून बोलला असन?"

याहून चांगली वेळ मला कोण देणार होतं? आजूबाजूला शेंगदाण्यांची टरफलं फुटत होती. "त्याला माहीत नसेल," मी म्हणालो.

"असंन बाप्पा," त्या म्हणाल्या. त्यांनी एका परक्या, निर्दोष माणसाला तेवढ्यात माफ करून टाकलं. त्यानंतर सांगणं मला जास्तच अवघड झालं, कारण आता माफीसुद्धा दुसऱ्याच्या नावावर गेली होती.

त्या गेल्या तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. तार आली. पोचलो तोवर सगळं झालं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. दादा अंगणात बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं: सोफे, कोट, चंदेरी तुकड्याची काळी बाजू, न टाकलेलं पत्र. तो ऐकत राहिला. मला वाटत होतं, हा उठून मला मारील. मला तेच हवं होतं बहुतेक.

तो म्हणाला, "तिनं मले त्या सालीच म्हनलं होतं, बारा हात मांजरपाट आना, मी शिवतो. बारा हात. मी म्हनलं, गर्दी हाय ना, कायले? कोनी इचारलं की सांगत होतो, कंपनीवाल्यानं फसवलं. तुहंबी त्यातच भागलं, माहंबी."

"तू माझ्यावर रागावला नाहीस?"

"रागाव म्हनतं तं रागावतो. पन मंग तिच्याकडून कोन रागावन?"

त्याच्या बोलण्यानं मला क्षणभर हलकं वाटलं. आपल्यासारखाच आणखी एक आहे म्हणून माणसाला हलकं वाटतं. वहिनींच्या घरात, त्यांच्या अंगणात बसून मला ते वाटलं, आणि ते वाटल्याची लाज सात महिने झाले तरी जात नाही.